हात दिल्यावर तक्रार नाही

आमच्या तालमीत एकच कायदा होता आणि तो कुठंही लिहिलेला नव्हता. आखाड्यात उतरायचं, चिमूटभर माती समोरच्याच्या तळहातावर ठेवायची, त्यानं आपल्या तळहातावर ठेवायची, आणि हाताला हात लावायचा. याला आम्ही ‘हात देणं’ म्हणायचो. एकदा हात दिला की मग कान फाटो, दात पडो, बरगडी मोडो, तक्रार नाही. घरी सांगायचं नाही, पोलिसात जायचं नाही, मनातही धरायचं नाही. राजीखुशीनं उतरलास ना, मग रडतोस कशाला, एवढंच.

पिंगळी स्टेशनात उतरून शेतातल्या वाटेनं चालत गेलं की आमचं गाव लागतं. गावाची जमीन काळी, पण आखाड्याची माती तांबडी, ट्रकनं लांबून आणलेली. वस्ताद तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू कालवायचे. तालीम त्यांच्या घराला लागूनच होती, मधे एक दार. वस्ताद शेतकऱ्याच्या घरचे, मी बौद्ध वस्तीतला. मी पहिल्यांदा तालमीच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा आतली काही पोरं अंग पुसायला लागली. त्यांना घरून काय सांगितलेलं असायचं ते मला माहीत होतं. वस्तादांनी सगळ्यांच्या देखत माती उचलली, माझ्या हातावर ठेवली आणि हाताला हात लावला. मग मला उचलून असं आपटलं की श्वास परत यायला बराच वेळ लागला. गावात मला बरोबरीनं मारणारा तो पहिला माणूस. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

ते मारायचे मात्र फार. डाव चुकला की वेत, डाव बरोबर पण उशिरा केला तरी वेत. माझा डावा कान मोडलेला आहे, तो त्यांच्याच हातून. आईनं तो सुजलेला कान बघितला आणि म्हणाली, चल, आधी पोलीस पाटलाकडं जाऊ. वडील जेवत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “हात तूच दिलतास ना?” मी हो म्हणालो. “मग जेव,” ते म्हणाले, आणि विषय मिटला.

वस्तादांना एकच मुलगा. माझ्याहून बराच लहान. त्याला तर बाप आमच्यापेक्षा जास्त मारायचा, घरच्या पोराचे लाड केले असं कुणी म्हणू नये म्हणून. अंधार जायच्या आत त्याला अंथरुणातून उचलून आणायचे, झोपेतच मातीत उभं करायचे आणि त्याचा हात हातात घ्यायचे. ते पोर डोळे चोळत हात द्यायचं आणि दुसऱ्या क्षणी पाठीवर पडलेलं असायचं. एकदा त्याच्या पुढच्या दोन दातांचं रक्त आखाड्यात सांडलं. “दुधाचे हायेत, येतील परत,” वस्ताद म्हणाले. आम्ही सगळे हसलो. पायानं माती ओढून रक्त झाकलं आणि जोर मारायला लागलो.

पुढं मला कुस्तीच्या जोरावर रेल्वेत नोकरी लागली. तिकीट तपासनीस, मुक्काम बहुतेक पूर्णेला. काळा कोट अंगात आला तरी स्वभाव तालमीतलाच राहिला. विनातिकीट माणूस खोटं बोलायला लागला की माझा मोडका कान तापतो. बायको म्हणते, तुम्ही दंड कमी घेता आणि भांडण जास्त करता. तिचं अगदीच खोटं नाही.

गावाकडं जाणं कमी झालं होतं. दोनेक वर्षांपूर्वी एका लग्नाला गेलो, तेव्हा वस्तादांना भेटलो. मी जयभीम घातला, ते राम राम म्हणाले, आमचं पहिल्यापासून असंच. पंच्याहत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पण गालावर निळा डाग, एका हाताचं नख काळं पडलेलं, आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं. मी म्हणालो, “काय वस्ताद, अजून उतरता का काय?”

“उतरतो सकाळी थोडं. पोरासंगं.”

माझी छाती भरून आली. मी त्यांना तालमीच्या दारात उभं केलं, त्या निळ्या गालासकट फोटो काढला आणि फोनवरच्या सगळ्या गटांत टाकला. खाली लिहिलं, ‘आमचे वस्ताद, या वयातही मातीत.’ लोकांनी हात जोडले, कुणी फुलं पाठवली. दुसऱ्या कुठल्या गावात म्हाताऱ्याच्या तोंडावर एवढं निळं दिसलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. आमच्या गावात त्याचं कौतुक झालं, आणि ते करणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं होतो. उभी हयात मी माणसाचं तोंड बघून ओळखत आलो की याच्या खिशात तिकीट नाही.

फोटो काढून झाला, मग वस्तादांच्या सुनेनं चहा आणला. तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि हळूच म्हणाली, “भाऊजी, फोटो काढायचा तर सकाळी येऊन काढा. मारायलेत तवा.”

ती रिकामा ट्रे घेऊन आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरनं पिंगळीला उतरलो. तालमीत सात-आठ पोरं जोर मारत होती. मुलगा आता चाळिशीच्या पुढं गेलेला, बैलासारखी मान, तालीम तोच चालवत होता. त्यानं बापाला दंडाला धरून आणलं आणि आखाड्यात उतरवलं. पोरं भिंतीला लागून उभी राहिली, रोजची सवय असावी तशी. मुलानं माती उचलली आणि हात पुढं केला. म्हाताऱ्यानं अंदाजानं माती घेतली, चाचपडत त्याचा हात शोधला आणि हाताला हात लावला.

मग जे झालं त्याला कुस्ती म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मुलानं पहिला रद्दा मानेवर मारला, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडानं. म्हातारा गुडघ्यावर आला. मागून दुसरा, मग तिसरा. वस्ताद पालथे पडले, तर त्यानं पाठीवर गुडघा रोवला आणि घिस्सा घातला, म्हणजे त्यांचं तोंड मातीत दाबून नाकावरून हाड घासत नेलं. नाकातून रक्त आलं. त्यानं त्यांना उलथं केलं, कमरेत हात घालून उचललं आणि टाकलं. हाडांचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. सगळे डाव बरोबर होते. एकही डाव नियमाबाहेरचा नव्हता, आणि एकेक डाव मला याच म्हाताऱ्यानं शिकवलेला होता. म्हातारा एकदाही ओरडला नाही. पडल्या जागी हातानं चाचपडून माती गोळा करत राहिला.

मी आत घुसलो आणि ओरडलो, “आरं मरंल ते!”

मुलगा दम खात उभा राहिला. त्याला माझं आश्चर्य वाटलं नाही. “टीसी साहेब,” तो म्हणाला, “हात कुणी दिला ते बघितलं ना? मग? तुमच्या कानाच्या टायमाला कोण आलतं इचारायला?”

पोरांपैकी कुणी वर बघितलं नाही. मी वस्तादांना उचलून त्यांच्या खोलीत नेलं. सुनेनं गरम पाणी आणलं. नाक पुसताना मी म्हणालो, “वस्ताद, आपण तक्रार करू. कायदा हाय.”

“कशाची तक्रार? हात म्या दिला.”

“तुमी कामून देता पण?”

“त्याचा डाव चालू हाय,” ते म्हणाले. “माझा झालाय.” आणि भिंतीकडं तोंड करून निजले. मला राग मुलाचा आला होता तितकाच त्यांचाही आला. एवढा मोठा माणूस आणि मार असा खातोय, जशी ताटातली भाकरी.

परभणीला माझ्या ओळखीचा एक वकील आहे. ओळख माझ्या डब्यातच झाली, त्याच्याकडं तिकीट नव्हतं आणि तो मला कायदा शिकवत होता. त्याच्याकडं गेलो. मारहाणीची भरपाई मागायला दिवाणी दावा लावू, पोराला कोर्टात उभा करू, असं माझ्या मनात होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “खेळात दोघं राजीखुशीनं उतरले, तर लागल्या-मोडल्याचा दावा टिकवणं अवघड. तो कोर्टात सांगणार, कुस्ती होती, बापानं स्वतः हात दिला. आणि आई-वडिलांना सांभाळण्याचा जो ज्येष्ठांचा कायदा आहे, त्याच्या कामात दिवाणी कोर्टाला हातच घालता येत नाही. ते उपविभागीय अधिकाऱ्यापुढं चालतं. तिथं सहसा वकिलाचंही काम नसतं, म्हणून तर तुला खरं सांगतोय.”

मी म्हणालो, मी तक्रारीचं बोललो ते कळल्यापासून पोरगा माझ्यावरच मानहानीचा दावा लावीन म्हणून गावभर सांगत फिरतोय. वकील हसला. अधिकाऱ्याकडं प्रामाणिकपणे केलेल्या तक्रारीवर असले दावे सहसा उभे राहत नाहीत, तू बिनघोर लिही, असं म्हणाला.

“म्हणजे त्याच्यावर दावा चालत नाही, माझ्यावर चालत नाही. मग कायदा करतो काय?”

“म्हातारा एक शब्द बोलला तर सगळं करतो,” वकील म्हणाला. “पोराला घराबाहेर काढता येतं, आत टाकता येतं. पण म्हाताऱ्यानं ‘मारलं’ म्हणायला पाहिजे. तो ‘खेळलो’ म्हणाला तर संपलं.”

सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. मी अर्ज दिला. अधिकारी मॅडम तरुण होत्या, आमच्या भागातल्या वाटत नव्हत्या. त्यांनी लगेच दखल घेतली आणि सगळ्यांना बोलावलं. वस्ताद पांढरा फेटा बांधून आले. गालावर नवा डाग होता, जुना पिवळा पडलेला. मॅडमनी टेबलामागून उठून त्यांच्याशेजारी खुर्ची घेतली, हे मला आवडलं. त्यांनी विचारलं, “बाबा, मुलगा तुम्हाला मारतो का?”

“न्हाई.”

“मग हा गाल?”

“आखाडा हाय, मॅडम. लागतंयच.”

“हे बोट?”

“मातीत गेलं.”

“तुम्हाला भीती वाटते का कुणाची?”

वस्ताद हसले. पुढचे दोन दात नव्हते. “म्या वस्ताद हाय,” ते म्हणाले. “हात म्या दिला होता. हात दिल्यावर तक्रार न्हाई.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं, पण समोर फक्त पाण्याचा तांब्या होता. मुलगा खाली बघून शांत बसला होता, शाळेतल्या गुणी पोरासारखा. प्रकरण तिथंच बंद झालं.

त्यानंतर त्यानं बापाला जे मारलं, ते मी बघितलं नाही. सुनेनं फोनवर सांगितलं. रोज सकाळी हात घेतो, रोज आपटतो, आणि आपटताना विचारतो, “मॅडमला काय सांगितलं?” म्हातारा म्हणतो, “खेळलो.” मग पुन्हा उचलतो. “भाऊजी, मामंजीची हासळी मोडली,” ती म्हणाली, “दवाखान्यात आमी पण तेच सांगितलं, आखाड्यात पडले म्हणून.” हासळी म्हणजे गळ्याखालचं हाड. फोन ठेवला तेव्हा माझा कान तापला होता.

बायको म्हणाली, “अहो, तुमचं वय काय, पोट काय.” मी म्हणालो, मी फक्त बोलायला जातोय. तिनं माझा डबा भरला आणि त्यात हळदीची पुडी ठेवली.

तालमीत काळा कोट खुंटीला टांगला. लंगोट माझ्याकडं नव्हता, खुंटीवरचा कुणाचातरी ओढला. पोट लंगोटाच्या वर लोंबलं, पोरं तोंड फिरवून हसली. हसू दे म्हटलं. न्याय वगैरे करायला मी गेलो नव्हतो. मला त्याला मारायचं होतं, आणि मारून मोकळं व्हायला अख्ख्या जिल्ह्यात त्या आखाड्याइतकी सुरक्षित जागा नव्हती. मी माती उचलली आणि हात पुढं केला. त्याला नाही म्हणता येईना, पोरं बघत होती. त्यानं हात दिला.

पहिल्यांदा त्यानंच मला फोडलं. मानेवरचे रद्दे असे बसले की डोळ्यांपुढं पांढरं झालं. नाक मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला आणि तोंडात रक्ताची चव आली. त्यानं मला पालथं घातलं, पाठीवर बसून कुंदे ठोकायला लागला, खांद्यावर, मानेवर, कानावर. माझ्या तोंडात ताकाची, लिंबाची माती गेली. लहानपणीची तीच चव, तोच ओलसर वास. मी पडून राहिलो आणि वाट बघितली, कारण असं पडून वाट बघायला वस्तादांनीच शिकवलं होतं. वरचा माणूस कधीतरी कुणी बघतंय का ते बघतो. त्यानं बघितलं. दारात त्याचा बाप उभा होता, हात गळ्यात बांधलेला, कान देऊन ऐकत. तेवढ्यात मी त्याचं मनगट काखेत घेतलं, लोळलो, सगळं पोट त्याच्या कोपरावर टाकलं आणि पिळलं. ज्वारीचं वाळलेलं धाट मोडावं तसा आवाज झाला. तो किंचाळला. मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा पिळलं. मला बरं वाटत होतं, हे खरं आहे आणि मी ते बदलून लिहिणार नाही.

पोरांनी मला ओढून बाजूला केलं. मुलगा कोपर धरून भिंतीशी जाऊन पडला. मी उभा राहिलो, नाकातून रक्त छातीवर गळत होतं, आणि समोरून वस्ताद पायानं माती चाचपडत आखाड्यात उतरले. वाकून त्यांनी चिमूट उचलली. गळ्यात न बांधलेला हात, तो वाकड्या बोटाचा, माझ्यापुढं धरला.

“माझ्या पोराचा हात मोडलास,” ते म्हणाले. “आता मला हात दे.”

अंगात अजून रग होती. एक क्षण माझा हात पुढं गेलासुद्धा. मग तो तळहात दिसला. याच तळहातानं माझ्या हातावर पहिली माती ठेवली होती. मी त्याला हात लावला असता तर पुढं काहीही करायची मला मोकळीक होती, त्यांचं दुसरं हाड मोडलं असतं तरी माझं कुणी काही वाकडं केलं नसतं. एवढी मोकळीक मला नको होती. मी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटांत बोटं अडकवली.

“न्हाई वस्ताद. मी हात देत न्हाई.”

आमच्याकडं भ्यालेलं पोर ताप आल्याचं सोंग करायचं, शेतात पळून जायचं. पण आखाड्यात उभं राहून, हात पुढं आलेला असताना कुणी तो नाकारल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

“भ्यालास?”

“भ्यालो न्हाई. द्यायचा न्हाई म्हणून देत न्हाई.”

वस्ताद जवळ आले. त्यांनी माझा खांदा चाचपला, मग दंड, मग कोपर, आणि हात पाठीमागं नेऊन माझ्या अडकवलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवली. तिथं ते थांबले. एकेक बोट चाचपून बघितलं, जणू मोजत होते. त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला कळलं नाही. हाताला राहिलेली माती त्यांनी झटकून टाकली, वळले आणि कुणाचाही आधार न घेता आखाड्याबाहेर गेले. मी समजलो, आपला वस्ताद गेला. परतीच्या गाडीत मी मोडक्या नाकानं रडलो. एका बाईनं मला, तिकीट तपासणाऱ्याला, प्यायला पाणी दिलं.

माझ्यावर कसलीही तक्रार झाली नाही. मुलगा दवाखान्यात आखाड्यात लागलं म्हणून सांगून आला. बाप इतके दिवस जे सांगत होता, तेच.

त्याच्या हाताला प्लास्टर होतं तोवर म्हाताऱ्याला कुणी आखाड्यात नेलं नाही. वस्तादांची हासळी जुळली. मी अधूनमधून सुनेला फोन करायचो. बायकोनं एकदा भाजी निवडताना विचारलं, “आणि प्लास्टर निघाल्यावर?” मीही आणखी किती हाडं मोडणार होतो.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यातच सुनेचा निरोप आला, उद्या सकाळी या. मी कामावर जाता जाता उतरलो आणि कोट घालूनच दारात उभा राहिलो. मुलानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा बारीक दिसत होता. त्यानं बापाला आत आणलं, माती उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. वस्तादांनी तळहात उपडा केला. माती पडली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटांत बोटं अडकवली.

“हात द्या,” मुलगा म्हणाला.

वस्तादांनी पाय रोवले.

“हात द्या, आबा.”

तिसऱ्यांदा तो “द्या की” म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज असा निघाला की मला दारातूनच निघून जावंसं वाटलं. मग त्यानं मारलं. रद्दा नाही, कुठला डाव नाही, मूठ आवळून सरळ तोंडावर. म्हातारा हात मागं तसेच ठेवून गिरकी खाऊन पालथा पडला. पडतानाही त्यांनी हात सोडले नाहीत, त्यामुळं तोंड थेट जमिनीवर आपटलं. मुलानं बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. तोवर भिंतीशी उभी असलेली पोरं निघाली होती. इतके महिने जी पोरं खाली बघत होती, ती एकदम त्याच्यावर पडली, आणि त्यांनी त्याला नुसतं धरलं नाही. जोर मारायच्या लाकडी फळ्या त्याच्या पाठीवर बसल्या. कुणीतरी त्याचं तोंड मातीत घासलं. सून धावत आली आणि पोरांच्या मधे घुसून ओरडली, “सोडा, मरंल ते.” तिच्याही हातावर एक बसली.

मी वस्तादांपाशी गुडघ्यावर बसलो. ओठ फाटला होता, दाढीत रक्त आणि माती. मी त्यांची बोटं सोडवायला गेलो तर त्यांनी अजून घट्ट धरली.

“हात सोडा वस्ताद, उठवतो.”

त्यांनी एक दात थुंकला. “समद्यांनी बघितलं ना?” ते म्हणाले. “मागंच होते ना हात?”

बघितलं म्हटल्यावर त्यांनी हात सोडले.

पुढचं सगळं लवकर झालं. निकाल आधीच सांगून टाकतो, मुलानं घर सोडायचं, तालमीत पाय ठेवायचा नाही, मारहाणीचा गुन्हा वेगळा. सून सासऱ्यापाशीच राहिली. भरपाईचा दावा कुणी लावला नाही. पण मला सांगायचंय ते निकालाच्या आधीचं, त्याच कचेरीतलं.

त्याच मॅडम, त्याच खुर्च्या. या वेळी तालमीतली पोरंही आली होती, मागं रांगेत उभी. पोरांनी मारलेल्या मारानं मुलाचा एक डोळा बंद झालेला, तो भिंतीशी उभा. मॅडमनी पुन्हा तेच विचारलं, “बाबा, मुलानं तुम्हाला मारलं का?”

“म्या हात दिला न्हवता,” वस्ताद म्हणाले.

मागं पोरांनी श्वास सोडला. मुलानं मान खाली घातली. मॅडमना काही कळेना, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“म्हणजे?”

“म्हणजे मारलं, मॅडम,” मी म्हणालो.

लिपिकानं लिहून घेतलं. मॅडमनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. मला वाटलं म्हातारा नाही म्हणेल. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

“हा लहान होता,” ते म्हणाले. “म्या ह्याचे दात पाडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याला आखाड्यात उभा केला, तर ह्यानं दोनी हात मागं बांधले. बोटांत बोटं. तोंडातून एक शबुद न्हाई. म्या मागं गेलो आन् ती बोटं सोडवली, एकएक. लय घट्ट धरली होती. मग हात पुढं वढला, माती ठेवली, आन् मारला.”

भिंतीशी मुलगा उभा होता. त्यानं आपला बारीक झालेला हात दुसऱ्या हातानं धरला.

“ते बी लिहा, मॅडम,” वस्ताद म्हणाले. “त्यानं बी हात दिला न्हवता.”

लिपिकानं पेन थांबवून मॅडमकडं बघितलं. हे प्रकरणात बसत नाही, असं त्याच्या तोंडावर होतं. मॅडमनी भिंतीशी उभ्या मुलाकडं एकदा बघितलं आणि सांगितलं, “लिहा.”